फोडणीचा भात

पिंक फ्लॉइडच्या 'द एंडलेस रिव्हर'ला आमचे नातूसाहेब "फोडणीचा भात" म्हणतात. कालचा उरलेला, तेलावर परतून वाढलेला. "आजोबा, वीस वर्षांनी अल्बम काढला आणि तोही उरल्यासुरल्याचा!"

माझ्यासारख्या मराठी घेऊन बी.ए. झालेल्याने यात बोलू नये, असं काहींना वाटेल. पण मंडळी, अठरा तुकड्यांपैकी गायलेलं गाणं एकच. बाकी जवळजवळ नुसती वाद्यं, आणि त्यांना इंग्रजी लागत नाही. (१९७९ साली याच लोकांनी आम्हा मास्तरांना गाण्यातून झोडपलं होतं. ते मी माफ केलं आहे.)

आता भाताबद्दल. १९९४च्या 'द डिव्हिजन बेल'साठी गिल्मर, मेसन आणि राइट एकत्र बसून वाजवत होते. त्यातलं पुष्कळसं ध्वनिमुद्रण तसंच पडून राहिलं. २००८ साली कीबोर्ड वाजवणारा रिचर्ड राइट गेला. मग मागे राहिलेल्यांनी वीस तासांहून जास्त जुनं वाजवणं ऐकलं, त्यातलं निवडलं, त्यावर नवी गिटार, नवे ड्रम चढवले, आणि नोव्हेंबर २०१४मध्ये अल्बम आला. यात लबाडी कुठे आहे? भात कालचा हे त्यांनी लपवलंच नाही.

हा राइट म्हणजे आपल्याकडचा साथीचा पेटीवाला. लोक गवयाकडे बघतात, गिटारकडे बघतात, याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. 'द वॉल'च्या वेळी रॉजर वॉटर्सशी बिनसून त्याला बँड सोडावा लागला, आणि ज्या बँडच्या स्थापनेपासून तो होता त्याच बँडच्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता! या अल्बममध्ये मात्र तो मधोमध आहे. १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या ऑर्गनवर त्याने वाजवलेला तुकडासुद्धा यात घेतला आहे. मेलेल्या माणसाला मधे बसवून बाकीच्यांनी साथ धरली. याला उरलंसुरलं म्हणायचं?

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. काही तुकडे आता सुरू होणार, आता सुरू होणार म्हणता म्हणता संपतात. शेवटचं गाणं नसतं तरी माझं काही अडलं नसतं. पण "नवीन काय दिलं?" हा प्रश्न मला परीक्षेतल्या "नावीन्य लिहा"सारखा वाटतो. सत्तरीच्या आसपासच्या माणसांनी गेलेल्या मित्राचं वाजवणं नीट लावून ठेवलं. एवढं काम पुरेसं नाही का?

मला हे लागलं त्याला कारण आहे. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची नाटकं मी लिहायचो आणि चाली द्यायचे आमचे पेटीवाले सर. अकरा वर्षं. कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापलं जायचं माझं एकट्याचं. ती पत्रिका छापायला मीच द्यायचो. सर एका अक्षराने बोलले नाहीत. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्यांच्या पेटीच्या दोन कॅसेट माझ्या कपाटात आहेत. एकीची फीत अडकते. नातवाला सांगितलंय, रविवारी ये आणि त्या संगणकावर घेऊन दे. येताना वहिनींकडून सरांचं पूर्ण नाव लिहून आण म्हटलं. इतकी वर्षं मी नुसतं "सर" म्हणत आलो.