जोड डोक्याने लागतो

ऊस गळिताचा हंगाम जवळ आला की बेळगाव-निपाणी पट्ट्यातील गावोगावी ट्रॉलीची फळी, गोठ्याचे फाटक, औताची दांडी यांची डागडुजी सुरू होते. आता अनेक शेतकऱ्यांच्या घरी स्वतःचे छोटे एसी वेल्डिंग मशीन असते. अलीकडे इन्व्हर्टरची हलकी मशिनेही आली आहेत. पण वायंडिंगचे, घुं-घुं आवाज करणारे जड मशीन अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. त्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते, "मशीन लहान आहे, जोड टिकत नाही." दुसरे एक वाक्य तर पालकांच्या तोंडी नेहमीचेच असते, "पोरगं अभ्यासात कच्चं आहे, त्याला वेल्डिंगला टाकू." ही दोन्ही वाक्ये एकाच गैरसमजातून येतात, असे आमचे मत आहे. वेल्डिंग हे केवळ हाताचे काम आहे, त्याला डोके लागत नाही, हा तो गैरसमज.

प्रथम मशीनविषयी. आपल्या घरातील वीज एका सेकंदात ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा आर्क विझायला बघते. ती पुन्हा पेटती राहते ती रॉडवरील लेपामुळे. म्हणून छोट्या एसी मशीनला ६०१३ जातीचा रॉड मानवतो. ७०१८ हा रॉड जास्त मजबूत म्हणून काहीजण मुद्दाम आणतात. पण त्याला सुरुवातीचा व्होल्टेज जास्त लागतो. लहान मशीनवर तो चिकटतो, विझतो आणि शिव्या मशीनला बसतात. नववी-दहावीच्या विज्ञानातील प्रत्यावर्ती विद्युतधारेचा धडा तो हाच.

आता जाडीचा हिशोब. १२ नंबरचा म्हणजे २.५ मिमीचा रॉड साधारण ६० ते ९० अँपिअरवर चालतो, १० नंबरचा म्हणजे ३.१५ मिमीचा साधारण ९० ते १३० वर. लहान मशीनवर १२ नंबर चांगला चालतो. १० नंबर लावला की मशीनची शेवटची मर्यादा येते आणि ते लवकर तापते. मशीनच्या पाटीवर किती टक्के वेळ चालवावे हे लिहिलेले असते. २० टक्के असेल तर दहा मिनिटांत दोन मिनिटे जोडकाम आणि आठ मिनिटे विश्रांती. त्या आठ मिनिटांत स्लॅग झाडावा, पुढची जागा घासावी. तशीही ती कामे करायचीच असतात.

विहिरीजवळच्या मोटारीच्या पेटीतून पन्नास-साठ मीटर बारीक वायर ओढून मशीन चालवले, तर वाटेतच व्होल्टेज पडतो. मग आर्क मरगळते आणि जोड वर फुगून बसतो, आत शिरत नाही. वायर जाड आणि आखूड घ्यावी, किंवा काम लाइनजवळ आणावे. अर्थचा चिमटा गंजावर किंवा रंगावर लावू नये. लोखंड चकचकीत घासून तिथेच लावावा. जोडायची जागाही तशीच घासावी. पत्रा जाड असेल तर दोन्ही कडांना ग्राइंडरने उतार देऊन खाच करावी आणि दोन-तीन थरांत भरावी. प्रत्येक थरानंतर स्लॅग पूर्ण काढावा. रॉडच्या जाडीइतकेच अंतर ठेवावे; लांब धरला की ठिणग्या उडतात, जोड लागत नाही. आपल्याकडचा पावसाळा दमट. उघड्यावर राहिलेले रॉड ओलावतात, तडतडतात आणि जोडात भोके पडतात. ते झाकणाच्या डब्यात कोरडे ठेवावेत.

यातील कोणती गोष्ट मशीन मोठे घेतल्याने साधते? एकही नाही.

तरीही मर्यादा आहेच, आणि ती ओळखणे हाच शिक्षणाचा खरा भाग. फाटक, कुंपणाचा सांगाडा, खुर्ची, पाण्याच्या टाकीचा स्टँड येथपर्यंत घरचे मशीन पुरे. पण ट्रॅक्टर-ट्रॉलीचा हूक, दांडा आणि आस यांना हात लावू नये. कारखान्याच्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली सुटली तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव जातो. वरून सुंदर दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. ही कामे अनुभवी कारागिराकडेच न्यावीत. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतीत असे हात आहेत.

डोळ्यांविषयी आम्ही जरा कडक बोलणार आहोत. काळा गॉगल म्हणजे वेल्डिंगची काच नव्हे. १० किंवा ११ नंबरची काच असलेले शील्ड हवेच, आणि जवळ उभ्या राहणाऱ्या लहान भावंडांनाही आर्ककडे बघू देऊ नये. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. ओल्या जमिनीवर, घामेजल्या हाताने होल्डर धरू नये. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा धूर छातीत घेऊ नये, त्याने ताप भरतो. डिझेलचा रिकामा बॅरल तर कधीच जोडायला घेऊ नये. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाशी बुद्धीने वागण्याचा वारसा या मातीतलाच आहे. मग त्या कामाला 'नापासांचे काम' ठरवणारे आपण कोण?

पालकांना आमची दोन मागणी आहेत. मुलाला किंवा मुलीला मशीन हाताळू द्यायचे असेल, तर शिक्षण म्हणून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली आणि शील्ड-हातमोज्यांसह द्या. मजुरी म्हणून नको. आणि ज्याला यात गोडी आहे त्याला दहावीनंतर आयटीआयच्या एक वर्षाच्या वेल्डर ट्रेडला अभिमानाने पाठवा, शिक्षा म्हणून नव्हे. गणित आणि विज्ञान पक्के असलेला मुलगा तिथे जास्त पुढे जातो.