सातबारा विचारणारे यंत्र

सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंडा भागातली गावे पुराशी झुंजत होती. त्याच महिन्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याचे 1500 रुपये चालू ठेवायचे, तर बाईने स्वतःचा आधार क्रमांक देऊन भागत नव्हते. पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपीही लागत होता. पती वारलेला, वडीलही हयात नाहीत, अशा बाईने काय करावे, याचे उत्तर योजनेच्या संकेतस्थळावर नव्हते. ओरड झाली, मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा महिलांनी मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला सादर करावा, अशी वाट काढण्यात आली. पण नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईकडे दोन्ही कागद नसतात. तो जिवंत आहे म्हणून मृत्यूचा दाखला नाही आणि कोर्टाची पायरी चढणे परवडले नाही म्हणून घटस्फोटाचा हुकूमही नाही.

हा नियम कोणी बायकांना छळण्यासाठी केला असेल, असे म्हणता येणार नाही. कौटुंबिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा पडताळायची, तर कुटुंबाची माहिती हवीच. पण ती माहिती पुरुषाच्या क्रमांकावरून मिळवायची, हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवरा घरात असलेली, त्याचा फोन हाताशी असलेली बाई होती. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आणि दर हंगामात ऊसतोडीला माणसे पाठवणाऱ्या धाराशिवमध्ये ते चित्र अनेक घरांना लागू पडत नाही. यंत्राला स्वतःचा पक्ष नसतो हे खरे. पण त्याचा आराखडा माणसे करतात आणि समाजातली उतरंड त्या आराखड्यात सहज उतरते.

या जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. किल्लारीचे नाव जगभर गेले, तरी सास्तूरसारखी इकडची गावेही तितकीच भुईसपाट झाली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे भूकंपरोधक हवीत, यावर दुमत नव्हते. मात्र कोणाला केवढे घर, हे ठरले जमिनीच्या मालकीवर. भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 450 आणि मोठ्या जमीनदारांना 750. भूकंपाने कोणाचा सातबारा विचारला नव्हता, पुनर्वसनाने विचारला. मराठवाड्यात भूमिहीन म्हणजे बहुतेक करून कोण, हे सांगायला नको. आराखड्यात जातीचा रकाना नव्हता, तरी नव्या गावात जात चौरस फुटांत मोजता येऊ लागली.

बायकांच्या वाट्याला आणखी काही आले. जुन्या वाड्यात सोपा होता, अंगण होते, आडोसा होता. धान्य निवडणे, पापड-कुरडया वाळवणे, बाळंतिणीला निवांत ठेवणे हे सगळे त्या जागेत होत असे. आखीव चौकोनी प्लॉट, रुंद रस्ते आणि सिमेंटची खोली यांत या कामांची जागा नकाशावर नव्हती, कारण नकाशा काढताना ही कामे कोणी मोजलीच नव्हती.

त्याच भूकंपाने दुसरा धडाही दिला. जी गावे हलवायची नव्हती, तिथली पडकी घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याच्या कार्यक्रमात लोकसहभागाचे काम ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे होते. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडल्या. अनुदानाचे नियम घरोघरी समजावणे, बांधकामावर नजर ठेवणे, अडलेले काम अधिकाऱ्यांपर्यंत नेणे ही कामे या बायकांनी केली. पुढे दुष्काळात याच संस्थेने एक एकर शेतीचा प्रयोग उभा केला. कुटुंबाच्या जमिनीतला एक एकर बाईच्या ताब्यात देऊन तिथे काय पेरायचे, हे तिने ठरवायचे. नगदी पिकाऐवजी डाळी, भाजीपाला आणि तृणधान्य आले, घरच्या ताटात फरक पडला. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. जमीन आणि पाऊस तेच होते; निर्णय कोणी घ्यायचा, एवढेच बदलले होते.

आज आराखडे संगणकावर होतात, पण प्रश्न बदललेला नाही. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे. त्याचा पाया जमिनीच्या मालकीची नोंद. खुरपणीपासून मळणीपर्यंत राबणाऱ्या ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही ती, आणि बटईने कसणारा, हे दोघेही या नोंदीत शेतकरी ठरत नाहीत. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. कोयत्याने, खुरप्याने घासलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटेनासे होतात, तेव्हा चूक बोटाची मानली जाते.

जुलै 2025 पासून अंगणवाडीतला घरपोच आहार घेण्यासाठीही चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांबद्दल जगाला सावध करणारा अभ्यास जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये अमेरिकेत केला. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शंभरात एखादीच चूक करत. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत काही सॉफ्टवेअर शंभरात तिसाहून अधिक वेळा चुकत. सॉफ्टवेअर पारखायला जे नमुने वापरले जात, त्यांत बहुतेक चेहरे गोरे होते. तिथे वर्णाने जे केले, ते आपल्याकडे जात, जमीन आणि नवऱ्याचे नाव करू शकते.

याचा अर्थ तंत्रज्ञान नाकारावे, असा नाही. पैसे थेट खात्यात येऊ लागल्याने मधल्यांची टक्केवारी कमी झाली आणि अनेक बायकांच्या नावावर पहिल्यांदाच बँकेचे खाते आले. बोगस लाभार्थी शोधणे हेही सरकारचे कर्तव्य आहे. पण बोगस नाव गाळताना खरे नाव गळले, तर त्याची किंमत ज्याच्याकडे गमावण्यासारखे सर्वांत कमी आहे, त्यालाच मोजावी लागते. तालुक्याला खेटे घालण्यात बुडालेली मजुरी कोणत्याही अहवालात येत नाही.

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. नव्या योजनांचे निकाल इथे आकड्यांत मोजले जातात. त्या मोजणीत तीन गोष्टी घालाव्यात. कोणतेही ॲप किंवा पोर्टल राज्यभर लागू करण्याआधी परित्यक्ता, ऊसतोड कामगार, पारधी वस्ती आणि भूमिहीन कुटुंबांत त्याची चाचणी घ्यावी. यंत्राने नाकारलेल्या माणसाला गावातच हक्काने वापरता येईल असा कागदी पर्याय ठेवावा आणि त्यावर सही करणारा अधिकारी नेमलेला असावा. किती जणांना लाभ मिळाला, याबरोबर किती जणांना यंत्राने परत पाठवले, हा आकडाही ग्रामसभेत वाचून दाखवावा. संवाद सहायकांनी जे दगड-मातीच्या घरांसाठी केले, ते संगणकीय आराखड्यांसाठी करता येणार नाही, असे मानायला कोणतेही कारण नाही. योजना बायकांच्या नावाने काढायची आणि ओटीपी मात्र नवऱ्याच्या फोनवर पाठवायचा, हा कारभार सरकारने आता थांबवावा.