क्रीमच्या डबीआधी ताटाकडे बघा

चेहऱ्यावर सुरकुती दिसली की घरात क्रीमची डबी येते. पैसे जातात, सुरकुती राहते. डबी टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण आधी रोजच्या चहाकडे आणि ताटाकडे बघा.

त्वचेत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. बाजेची नवार ताणून धरावी तशी ते त्वचा धरून ठेवतात. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते. धागे कडक होतात, लवचिकपणा जातो. हे नुकसान भरून येणे फार अवघड असते.

म्हणून हिशेब करा. दिवसाला साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. एका भरल्या चमच्यात ५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे झाले ४० ग्रॅम! बिस्किटे आणि थंड पेये वेगळीच. गुळाचा चहाही याच हिशेबात धरा. एकदम तोडू नका. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला सवय होते.

दुसरी गोष्ट आंबट फळांची. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन नीट तयार होत नाही. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर असलेल्या खलाशांना ताजी फळे मिळत नसत, तेव्हा त्यांच्या भरलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडत. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री-लिंबे दिली आणि ते झपाट्याने सुधारले. तुम्हाला महागडे फळ आणायची गरज नाही. एका मध्यम पेरूत दिवसभराला पुरून उरेल इतके क जीवनसत्त्व असते. आवळाही तसाच. लिंबू मात्र वरण ताटात वाढल्यावर पिळा, उकळत्या वरणात नको. उष्णतेने ते जीवनसत्त्व नासते.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. घरातली बाई शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली, वरणाचे पाणी उरलेले. मग ती लोणच्याशी पोळी खाऊन उठते. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४० ग्रॅम प्रथिने हवीत. वाटीभर वरणातून जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतात. त्यातच पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतले कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच ताट रिकामे! तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. मटकीची उसळ, दही, शेंगदाणे, खात असाल तर अंडे किंवा मासे तिच्या ताटात आधी वाढा. ताईंनो, तुम्हीही "मला चालतं" म्हणणे सोडा.

कोलॅजनच्या महागड्या पुडीबद्दल हल्ली पुष्कळजणी विचारतात. पोटात गेल्यावर तीही इतर प्रथिनांसारखीच पचते. त्या पैशांत महिनाभराची डाळ आणि अंडी येतात. माझे मत डाळ-अंड्यांच्या बाजूने.

ताटातली आणखी एक गोष्ट: तळण रोज नको. उकडलेले, वाफवलेले जास्त खा.

एक मात्र खरे सांगते. पडलेली सुरकुती खाण्याने पुसली जात नाही. आणि त्वचेला सर्वांत जास्त म्हातारे करते ते ऊन. शेतात किंवा रस्त्यावर जाताना पदर, टोपी, छत्री घ्या. तंबाखू आणि मिश्री सोडा, त्यांनी तोंडाचे आजार तर होतातच, चेहराही ओढलेला दिसतो.

शेवटी पुन्हा साखरेकडे. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली पट्टे दिसले तर मळ समजून घासत बसू नका. असे पट्टे बरेचदा मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला येतात. घरात असे कोणी असेल, तर या आठवड्यातच उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या.