सूर तिचा, चालही तिचीच

रायपूरच्या गुढियारीतील एखाद्या मराठी घरात मुलगी हेडफोन लावून तासन्‌तास काय ऐकते, हे कोडे आईला पडतेच. रागावण्याऐवजी आईने एकदा तो हेडफोन आपल्या कानाला लावून पाहावा. शब्द थोडे, सूर धुक्यासारखे, बरीच वाद्ये संगणकातली!

दिल्लीची तराना मारवाह 'कोमोरेबी' या नावाने गाते. पानांतून झिरपणारे ऊन, असा या जपानी शब्दाचा अर्थ. तिच्या गाण्यात तिचा आवाजच पुढे असतो. मुंबईच्या सनाया अर्देशिरने 'सँड्यून्स' हे नाव घेतले. तिचा भर पियानो आणि सिंथेसायझरवर. २०२२ च्या 'द ग्राउंड बिनीथ हर' या अल्बममध्ये गाण्यासाठी तिने इतरांना बोलावले.

वाटा वेगळ्या, पण दोघीही आपले संगीत स्वतःच रचतात. मराठीला हे नवे नाही. १९६५ च्या 'साधी माणसं'चे संगीत लता मंगेशकरांचे. पण श्रेयनामावलीत नाव होते 'आनंदघन'!

गाणे आवडले की 'कोण गातेय?' असे आपण चटकन विचारतो. 'चाल कोणाची?' हेही लेकीला विचारा. उत्तर पुन्हा एका मुलीचेच नाव असेल.