ताट वेगळं, हवा तीच

घरात कुणाला टीबी निघाला की आधी ताट वेगळं होतं. मग पेला, मग अंथरूण. आणि आजारी माणूस सून असली तर तिची रवानगी थेट माहेरी. वेगळं काढणाऱ्यांचं म्हणणं वरवर बिनतोड वाटतं: रोग संसर्गजन्य, घरात लहान मुलं, मग चार महिने लांब ठेवलं तर बिघडलं कुठे?

संसर्गजन्य आहे, यात वादच नाही. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हाच ‘हा रोग घराण्यातच असतो’ ही समजूत मोडीत निघायला हवी होती. पण हा जंतू ताटावाटीतून येत नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकला की सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या छातीत उतरतात. पेला वेगळा करून खिडकी लावून घेणारं घर म्हणजे नेमकी उलटी तऱ्हा. शिवाय निदान होईपर्यंत तो माणूस कित्येक आठवडे त्याच घरात खोकत असतो. लागण व्हायची ती बहुधा तेव्हाच झालेली असते. योग्य औषधं सुरू झाली की संसर्ग झपाट्याने घटतो, आणि आपण नेमके तेव्हा सावध होतो!

याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. मद्रासमध्ये गरीब, दाटीच्या वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. १९५९ साली निष्कर्ष आले. सॅनेटोरियमवाल्यांना आराम आणि अन्न चांगलं मिळूनही घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाल्याचंही दिसलं नाही. पासष्ट वर्षं उलटली तरी ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली नाही.

मग करायचं काय? घरातल्या सगळ्यांची तपासणी. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका द्यायचा, नुसती लाळ नव्हे. सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीची ट्रूनॅट ही चाचणी काही तासांत जंतू तर दाखवतेच, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही सांगते. रोग नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या. लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांचं शरीर जंतू दाबून ठेवतं. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखूचा धूर यांनी तो दाब सुटतो. ताटाकडे बघायचंच तर त्यात काय वाढलंय ते बघा. झारखंडमध्ये रुग्णाबरोबर घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्या घरांतले नवे टीबी रुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २०२३ सालचा.

वेगळं काढण्याचा खरा तोटा निराळाच आहे. त्या भीतीने माणूस खोकला लपवतो, गोळ्या चोरून घेतो. दोन महिन्यांत भूक लागते, वजन वाढतं, आणि लपवण्याला कंटाळलेला तो गोळ्या सोडतो. भराभर वाढणारे जंतू एव्हाना मेलेले असतात. उरतात ते सुस्त, चिवट. त्यांच्यासाठीच सहा महिन्यांचा कोर्स असतो. अर्धवट औषधांतून औषधांना न जुमानणारा टीबी उभा राहतो.

‘असल्या टीबीला तरी वेगळं ठेवाल ना?’ असं कुणी विचारेल. तिथे मास्क आणि उघड्या खिडक्यांची काळजी जास्त दिवस घ्यावी लागते, हे मान्य. पण त्याही रुग्णाची भांडी नेहमीसारखी साबणाने घासली की पुरे.