अठरा वर्षांआधीचा गुडघा

सर्बियातील मुलींच्या फुटबॉलशी बालरोगतज्ज्ञाचा काय संबंध, असा प्रश्न स्मरणिकेच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. माझ्या मते तो संबंध निकटचा आहे. कारण तेथील बचावपटूची कारकीर्द ज्या वयात घडते अथवा मोडते, ते वय आपल्याच वैद्यकशाखेचे आहे.

सर्बियाच्या महिला संघाने १२ एप्रिल २०२२ रोजी स्तारा पाझोव्हा येथे बलाढ्य जर्मनीला ३-२ असे नमविले. त्याच वर्षी जर्मनीने युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, यावरून त्या विजयाचे मोल कळावे. मात्र सर्बियाच्या लीगमध्ये चुरस थोडी. सुबोतिकाच्या स्पार्ताक संघाने २०१०-११ पासून दशकभर सलग विजेतेपद राखले. त्यामुळे गुणी मुलींना परदेशाची वाट धरावी लागते. नेवेना दाम्यानोविच ही बचावपटू पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून खेळली, हे त्याचेच उदाहरण.

ही वाट अठरा वर्षांपूर्वी सहसा खुली होत नाही. फिफाच्या नियमावलीतील १९ व्या कलमाने अल्पवयीन खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदल्यांना मनाई केली आहे. सोळा ते अठरा वयासाठीची सवलत युरोपीय संघ व त्याच्याशी संलग्न आर्थिक क्षेत्रातील बदल्यांपुरती आहे. सर्बिया त्यात नाही. शेजारचा क्रोएशिया २०१३ पासून आहे. सर्बियन मुलीवर हा अन्याय आहे, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, सवलतच काढून टाकावी. वाढत्या वयाच्या मुलीला घर, शाळा आणि ओळखीचा डॉक्टर यांपासून तोडण्याची घाई कशासाठी?

परंतु नियमाने मूल घरी राहते, गुडघा सुरक्षित राहतोच असे नाही. बचावपटूला धावता धावता थबकावे लागते, क्षणात दिशा बदलावी लागते, उंच उडी घेऊन एका पायावर उतरावे लागते. अशा वेळी गुडघा आत वळला की एसीएल हा अस्थिबंध तुटतो. फुटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतो. पौगंडावस्थेत हाडे झपाट्याने वाढतात, मांड्या व कंबरेचे स्नायुबळ त्या वेगाने वाढत नाही, हे त्याचे एक कारण. दुखापतीनंतर नऊ महिने तरी स्पर्धेबाहेर राहावे लागते. ऐन तारुण्यात सांध्याची झीज सुरू होण्याची भीती उरते ती वेगळीच.

यावर उपाय आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ मुलींवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांच्या विशिष्ट व्यायामाने एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी घटल्या. फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा कार्यक्रमही याच जातीचा. खेद असा की, बदलीचा नियम मोडल्यास क्लबला दंड होतो. हा व्यायाम टाळल्यास कोणी विचारीतही नाही.

१७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२२ साली भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे झाला. आपल्याकडेही मुली खेळू लागल्या आहेत आणि तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी आपल्याकडेच येतात. सही करण्यापूर्वी हिमोग्लोबिन व मासिक पाळी यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: सरावाआधी प्रशिक्षक हे व्यायाम करवून घेतात का? उत्तर नकारार्थी आल्यास दाखल्यासोबत प्रशिक्षकाच्या नावे दोन ओळींची चिठ्ठीही द्यावी.