गाडी चार हजारांची, हक्क नऊ हजारांचा

महिन्यातून दोनदा, सोमवारी दुपारी बारा वाजता, सिंगापुरात वाहनांच्या हक्काची बोली उघडते आणि बुधवारी दुपारी चारला बंद होते. विकला जातो तो दहा वर्षं गाडी रस्त्यावर ठेवण्याचा हक्क. त्याचं नाव सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट, पण सगळे त्याला सीओई म्हणतात. सेंगकांगच्या रिव्हरवेल किंवा अँकरवेलमध्ये राहणारं एखादं मराठी जोडपं नव्या मोटरसायकली घ्यायला निघालं, की पहिली गाठ या बुधवारशी पडते. दुकानदाराशी घासाघीस त्यानंतरची.

पुणे, कोल्हापूर किंवा नाशिकहून आलेल्या घराला दोन गाड्यांची कल्पना नवी नसते. दाराशी त्याची मोटरसायकल आणि तिची स्कूटर, हे तिथलं साधं चित्र. १९७२ साली आलेल्या लूनाने आणि नंतरच्या स्कूटरींनी महाराष्ट्रातल्या बायकांना कुणाच्या मागे न बसता कामावर जायची सवय लावली, आणि ती सवय समुद्र ओलांडून आली तर त्यात गैर काहीच नाही. सेंगकांगमध्ये दोन गाड्यांची खरी गरजही असते. रेल्वेची नॉर्थ ईस्ट लाइन २००३ साली सुरू झाल्यापासून गावातून धोबी घाट किंवा हार्बरफ्रंटला जाणं सोपं झालं. पण चांगी बिझनेस पार्कला जायचं म्हणजे सेरांगून, पाया लेबार इथे गाड्या बदलत फिरून जावं लागतं. मोटरसायकल टॅम्पिनीस एक्स्प्रेसवेने थेट पोहोचते. दोघांपैकी एक इकडे आणि दुसरा तिकडे कामाला असेल, तर दोन गाड्यांचा विचार मनात येतोच.

मग उबी, काकी बुकितच्या दुकानांची चक्कर होते. तिथे ‘दोन घेताय ना, दोन्हींवर सवलत देतो’ असं ऐकायला मिळतं. या लेखाचं म्हणणं एवढंच, की जोडप्याने या वाक्याला भुलू नये, आणि सरकारनेही विक्रेत्याला हे वाक्य इतक्या सहज बोलू देऊ नये.

किमतीची फोड केली की कारण कळतं. गाडीच्या आयात किमतीला इथे ओपन मार्केट व्हॅल्यू, म्हणजे ओएमव्ही म्हणतात. समजा ती ३,००० सिंगापूर डॉलर आहे. त्यावर १२ टक्के अबकारी कर ३६० डॉलर. दोन्हींच्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी, म्हणजे ३०२ डॉलर आणि काही सेंट. पाच हजारांपर्यंतच्या ओएमव्हीवर १५ टक्के जादा नोंदणी शुल्क, ४५० डॉलर. बेरीज साधारण ४,११२ डॉलर होते. सीओई ९,००० डॉलरला लागली तर हक्क गाडीच्या दुपटीहून महाग पडतो. विक्रेत्याचा नफा, नोंदणीचा खर्च आणि विमा हे सगळं याच्या वर. या एकूण रकमेत दोन गाड्यांवर मिळून हजार डॉलरची सवलत मिळाली तर ती नाकारू नये, पण सौदा तिच्यावर ठरत नाही.

मोठी गाडी घेणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा आहे. फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पापर्यंत सगळ्या मोटरसायकलींना १५ टक्के शुल्क सरसकट होतं. तेव्हापासून पहिल्या पाच हजारांवर १५ टक्के, पुढच्या पाच हजारांवर ५० टक्के आणि दहा हजारांच्या वर १०० टक्के असे टप्पे झाले. १५,००० ओएमव्हीच्या गाडीला पूर्वी २,२५० डॉलर शुल्क पडत होतं, ते ८,२५० झालं. मोटारीची नोंदणी मुदतीआधी रद्द केली तर या शुल्काचा काही भाग परत मिळतो. मोटरसायकलला ती सोय नाही. परत मिळते ती फक्त सीओईची उरलेली किंमत, महिन्यांच्या हिशेबाने. नऊ हजारांची सीओई चार वर्षांनी सोडली तर ५,४०० डॉलर हातात येतात. गाडी निवडताना बहुतेकांना हा आकडा माहीत नसतो, आणि तो माहीत असायला हवा.

सीओईच्या भावाचा चढ-उतार दुकानातल्या कुठल्याही सवलतीपेक्षा मोठा असतो. २०१९ मध्ये मोटरसायकलची सीओई तीन-चार हजारांच्या घरात होती. महामारीत खाणं घरपोच देणाऱ्यांची संख्या वाढली, गाड्यांची मागणी वाढली, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ती १३ हजारांच्या वर गेली. विक्रेत्यांनी गिऱ्हाईक हाताशी नसताना बोल्या लावू नयेत म्हणून त्याच वर्षी लँड ट्रान्स्पोर्ट ऑथॉरिटीने बोलीची अनामत २०० वरून ८०० डॉलर केली आणि मिळालेल्या हक्काची गाडी नोंदवायची मुदतही कमी केली. २०२४ मध्ये बहुतेक फेऱ्या आठ ते अकरा हजारांच्या दरम्यान सुटल्या. या काळात गाडी तीच राहिली, तिचं इंजिनही तेच. बदलला तो फक्त बुधवार.

इथे मराठी वाचकाला एक जुनी गोष्ट आठवेल. परमिट राजमध्ये बजाज चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, आणि नंबर आलेल्याचं बुकिंग वरचे पैसे देऊन विकत घेणारे असत. तुटवडा तिथेही सरकारने आखलेला होता, पण तिथे तो वेळेत मोजला जाई, सिंगापुरात तो पैशात मोजतात. सिंगापूरची पद्धत स्वच्छ आहे, हे मान्यच करायला हवं. भाव जाहीर होतो, यशस्वी झालेले सगळे सारखीच रक्कम भरतात, वशिला चालत नाही. पण लिलावात सगळे सारखे नसतात. मोटरसायकलींचा गट एकच, त्यामुळे १५० सीसीवर डबे पोहोचवणारा आणि रविवारी हजार सीसीची गाडी काढणारा एकाच कोट्यासाठी बोली लावतात. त्या दोघांना हा भाव सारखा जड नाही. इंजिनच्या क्षमतेनुसार हा गट दोन भागांत विभागावा, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे. मोटारींना दोन गट आहेतच.

चाकणच्या कारखान्यातली एक गाडी हे सगळं उघड करून दाखवते. केटीएमची ड्यूक २०० बजाजच्या चाकण प्रकल्पात तयार होते. पुण्यात ती साधारण दोन-अडीच लाखांत रस्त्यावर येते. तीच गाडी सिंगापुरात २०० सीसीपर्यंतच्या, म्हणजे क्लास २बी परवान्यावर चालवता येते आणि नवख्यांमध्ये ती लोकप्रिय आहे. पण ९,००० डॉलरची सीओई म्हणजेच सहा लाख रुपयांच्या आसपास रक्कम, गाडीच्या अगोदर. पुण्याच्या मनाने हिशेब करणारा माणूस इथे गडबडतो. त्याची सवय शोरूमची किंमत आणि ऑन रोड किंमत यांतला फरक विचारायची असते, आणि इथेही तोच प्रश्न विचारावा, फक्त जास्त खोलात जाऊन.

गाडीच्या अगोदर परवाना, हेही बऱ्याच जोडप्यांना उशिरा कळतं. भारतातल्या परवान्यावर इथे राहणाऱ्याला १२ महिन्यांपलीकडे गाडी चालवता येत नाही. मोटरसायकल शिकायची तर खासगी शिक्षक चालत नाही, बुकित बातोक, उबी किंवा वुडलँड्सच्या मान्यताप्राप्त शाळेतच जावं लागतं. आधी दोन लेखी परीक्षा, मग तासांचे नंबर, मग प्रात्यक्षिक परीक्षा, आणि तासांचे नंबर लागायला महिने जातात. क्लास २बीवर एक वर्ष काढल्याशिवाय २०१ ते ४०० सीसीच्या २एकडे जाता येत नाही, आणि तिथे आणखी एक वर्ष झाल्याशिवाय त्याच्या वर नाही.

हा एक वर्षाचा नियम जोडप्याच्या बाजूने वापरता येतो. दोघांनी एकाच दिवशी दोन नव्या २बी गाड्या घेतल्या, आणि वर्षाने एकाला मोठी गाडी हवी झाली, तर जवळजवळ नवी गाडी नुकसानीत विकावी लागते. शिवाय दोन्ही सीओई एकाच महिन्यात संपतात. दहा वर्षांनी मुदत वाढवायची तर तेव्हाच्या तीन महिन्यांच्या सरासरी भावाने एकदम दोन रकमा काढाव्या लागतील, भाव कुठे असेल ते आज कुणालाच ठाऊक नाही. पाच वर्षांची वाढ घेतली तर ती पुन्हा वाढवता येत नाही. त्यापेक्षा एक गाडी नवी घ्यावी, दोघांची नावं विम्यात चालक म्हणून घालावीत, आणि वर्षभर कोण किती चालवतं, पावसात किती दिवस ती खाली उभी राहते, हे पाहून दुसरीचं ठरवावं.

ती दुसरी गाडी वापरलेलीही असू शकते. मोजायचं माप एकच, उरलेल्या प्रत्येक महिन्याला किती डॉलर. १८,००० ची नवी गाडी १२० महिन्यांची, म्हणजे महिना १५० डॉलर. सहा हजारांची वापरलेली गाडी, सीओईचे ४० महिने शिल्लक, तीही महिना १५० डॉलर. वरवर बरोबरी झाली, पण वापरलेल्या गाडीत अडकणारा पैसा तिपटीने कमी आणि तीन वर्षांनी मोकळं होता येतं. फक्त नोंदणीची तारीख पाहावी. १ जुलै २००३ पूर्वी नोंदलेल्या मोटरसायकलींना ३० जून २०२८ नंतर सिंगापूरच्या रस्त्यावर जागा नाही.

दहा वर्षांची सीओई घेताना सेंगकांगकरांनी रेल्वेचा नकाशाही बघावा. क्रॉस आयलंड लाइनचा पुंगोल ते पासिर रिस हा फाटा २०३२ साली सुरू व्हायचा आहे. आज पूर्वेकडे कामाला जाण्यासाठी घेतलेली दुसरी गाडी तेव्हा निम्मी मुदत पार करून घराखाली उभी राहण्याची शक्यता आहे.

कर्जाचं मात्र नीट बघायला हवं, कारण दोन गाड्यांचे हप्ते घेणाऱ्या घराचं खरं नुकसान तिथे होतं. व्याज बहुतेकदा फ्लॅट दराने सांगितलं जातं, म्हणजे हप्ते फेडत गेलं तरी व्याज पूर्ण मुद्दलावरच. १५,००० डॉलर, ५ टक्के फ्लॅट, पाच वर्षं असं कर्ज धरा. व्याज ३,७५० आणि हप्ता साडेतीनशेच्या आत, ३१२ डॉलर ५० सेंट. ऐकायला हलकं. पण मुद्दल दर महिन्याला घटतं हे धरून काढलेला खरा दर नऊ टक्क्यांच्या वर जातो. दोन गाड्यांचं व्याज ७,५००, जवळजवळ आणखी एका सीओईइतकं. ‘डाउन पेमेंट नको’ असं ऐकून हुरळून गेलेल्या तरुण जोडप्याला ही बेरीज कुणी करून दाखवत नाही. कर्ज दुकानातून घेण्याआधी बँकेचा दर विचारावा, आणि दोन्ही ठिकाणी खरा वार्षिक दर लिहून मागावा.

वाचलेले पैसे कुठे घालावेत, याबद्दल संकोच नको. २०२४ मध्ये सिंगापूरच्या रस्त्यांवर मृत्यू पावलेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त मोटरसायकलवरचे होते, चालवणारे किंवा मागे बसलेले. दोघांसाठी चांगली हेल्मेटं, जॅकेट आणि हातमोजे, शिवाय एबीएस असलेली गाडी, हे सवलतीच्या हिशेबात धरायचे पैसे नाहीत. विम्यातही स्वस्तात स्वस्त थर्ड पार्टी घेऊन नव्या गाडीला उघडं ठेवणं चुकीचं आहे. बिनदाव्याची सूट मोटरसायकलला फार तर २० टक्क्यांपर्यंत जाते, तीही काही वर्षांनी. त्या सुटीच्या आशेने लहान नुकसान लपवून ठेवलं की पुढे वाद होतात.

राहिला तो कागद. गाडीची ओएमव्ही, भरलेलं शुल्क आणि सीओईची रक्कम नोंदणीच्या तपशिलात छापलेली असते, पण हा तपशील मालकाच्या हाती येतो पैसे दिल्यानंतर. त्याआधी हातात असतो तो एक ठोक आकडा, ज्याला दुकानात पॅकेज म्हणतात. त्यात सीओईचा भाव धरलाय किती आणि बोलीत तो कमी लागला तर फरक कुणाचा, हे बरेचदा लिहिलेलं नसतं. मोटरसायकल घेणारे बहुधा सगळ्यात कमी कमावणारे वाहनचालक असतात. नोंदणीच्या कागदावरच्या ओळी विक्रीच्या कोटेशनवर आधीच छापणं लँड ट्रान्स्पोर्ट ऑथॉरिटीने सक्तीचं केलं, तर या लोकांना वकिलाची किंवा ओळखीच्या मेकॅनिकची गरज उरणार नाही.

तोपर्यंत सेंगकांगच्या जोडप्याने दुकानात एक कोरा कागद न्यावा आणि विक्रेत्याला त्यावर सात ओळी लिहायला सांगाव्यात. ओएमव्ही, सगळे कर मिळून एक रक्कम, धरलेली सीओई, दुकानाचं शुल्क, विमा, कर्जाचा खरा वार्षिक दर, आणि सीओई कमी लागल्यास परत मिळणारी रक्कम. सातवी ओळ लिहायला जो विक्रेता तयार होईल, त्याच्याकडे पहिली गाडी घ्यावी. दुसरीसाठी पुढच्या वर्षीचा बुधवार आहे.